दोन गुरुजी, चार वर्ग

जालिंदरनगरचं अभिनंदन एव्हाना सगळ्यांचं करून झालं असेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये खेड तालुक्यातल्या या जिल्हा परिषद शाळेला ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ पुरस्कारांमधला, लोकांच्या मतांवर ठरणारा पुरस्कार मिळाला. तेव्हापासून फ्लेक्स, मुलाखती, शाळा बघायला येणाऱ्या गाड्या असं सगळं यथासांग चालू आहे. पट दोन-तीनवर आलेली, कुलूप लागायच्या बेतात असलेली शाळा, २०२२ मध्ये तिथे आलेले दत्तात्रय वारे गुरुजी आणि आता शंभरापार गेलेला पट ही गोष्ट पुन्हा सांगण्यात अर्थ नाही. या सगळ्या कौतुकातल्या एकाच गोष्टीपाशी मी थबकलो: विषयमित्र.

वरच्या वर्गातलं मूल खालच्या वर्गातल्या मुलाला एकेक विषय शिकवतं, ज्याला जे येतं ते तो दुसऱ्याला देतो, आणि शिक्षक या सगळ्याची घडी बसवून देतात. पुरस्कार देणाऱ्यांना हे विशेष वाटलं आणि ते विशेष आहेही. पण राज्यातल्या दोनशिक्षकी शाळांमधल्या हजारो गुरुजींना आणि बाईंना ही बातमी वाचून हसू फुटलं असणार. नोकरीला लागल्या दिवसापासून ते दुसरं काय करत आलेत? त्यांनी त्याला नाव दिलं नाही इतकंच. करण्यावाचून गत्यंतरच नव्हतं, मग नाव कशाला द्यायचं?

हिशेब करून बघा. पहिली ते चौथी असे चार वर्ग आणि शिक्षक दोन. त्यातला एक प्रशिक्षणाला, मतदार याद्यांच्या कामाला किंवा केंद्राच्या बैठकीला गेला की उरला एक. पहिलीच्या मुलाला पेन्सिल धरता येत नाही, दुसरीचं जोडाक्षरांवर अडलेलं असतं, तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याप्रमाणे वेगळं आणि चौथीला शिवछत्रपती. हे सगळे एकाच खोलीत, फार तर दोन. पाठ्यपुस्तकं, वार्षिक नियोजन, चाचण्यांची वेळापत्रकं मात्र अशी बेतलेली की प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र वर्ग आणि त्या वर्गापुढे एक स्वतंत्र शिक्षक उभा आहे. डी.एड.च्या सरावपाठांतही असाच एक वर्ग समोर धरलेला असतो. नवा शिक्षक वाडीवर रुजू होतो आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या लक्षात येतं की, आपण शिकलो ते काम वेगळं आणि करायचंय ते वेगळं.

मग तो शिकतो. पहिली-दुसरी जोडून घेतो, तिसरी-चौथी जोडून घेतो. एका गटाला लेखन देऊन दुसऱ्या गटाचा पाठ घेतो. मुलांच्या उंचीला भिंतीचा खालचा पट्टा काळा रंगवून घेतो, म्हणजे प्रत्येक मुलाला आपापला फळा मिळतो. आणि चौथीतल्या हुशार मुलीला हळूच सांगतो की, जरा या दोघांचं वाचन घे. बहुवर्ग अध्यापन म्हणतात ते हेच.

भोरच्या बाजूला डोंगरात एक शाळा आहे. तिचं नाव देत नाही. पट अकरा, पदं दोन, त्यातलं एक रिकामं. सकाळचा परिपाठ व्हरांड्यात होतो. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष हे सगळं बाकीच्या शाळांसारखंच. बातम्यांची पाळी आली की मात्र तिथे वेगळंच सुरू होतं. वर्तमानपत्र गुरुजींच्या पिशवीतून येतं आणि ते बहुधा आदल्या दिवशीचं असतं. त्यातली एक ठळक बातमी तिसरीतला मुलगा एका दमात वाचून टाकतो. ती कुणी ऐकत नाही, त्यालाही ती कळलेली नसते. मग येते वाडीची बातमी, आणि तिला सगळे कान टवकारतात.

मी गेलो त्या दिवशी पहिलीतल्या एका मुलाकडे बातमी होती. रात्री त्यांच्या गोठ्याशी वाघरू आलं होतं, कुत्री भुंकली, बापाने बॅटरी मारली, शेळी वाचली. हे त्याने सांगितलं ते उड्या मारत, हातवारे करत, मधली दोन वाक्यं गिळून. चौथीतली मुलगी खडू घेऊन फळ्याशी उभी होती. तिने ते चार ओळींत उतरवलं. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं, ते दुसऱ्या एकाने दाखवलं आणि तिने नाक मुरडत पुसून नीट केलं. ज्याची बातमी होती त्याने आपल्या खालच्या फळ्यावर त्यातला एकच शब्द काढला: ‘शेळी’. ‘ळ’ उलटा आला. तिने त्याचा हात धरून तो पुन्हा काढून घेतला. पुढे तासभर सगळी शाळा त्या शेळीवरच चालली. दुसरीने शेळी, करडू, मेंढी, कोकरू अशा जोड्या लावल्या, तिसरीने वाडीत किती घरांत किती शेळ्या त्याचा तक्ता केला आणि चौथीने वनखात्याला पत्र लिहिलं. ‘विषय’ लिहायचा की ‘महोदय’ आधी, यावरून दोघांचं वाजलं.

या तासातला निम्मा वेळ गुरुजी बाहेर ओट्यावर मोबाइल घेऊन बसले होते. ग्रुपवर ‘तातडीचं टपाल’ आलं होतं. कसली तरी माहिती दुपारी बाराच्या आत ऑनलाइन भरायची होती आणि रेंज फक्त ओट्याच्या त्या कोपऱ्यात येते. शाळा त्यांच्यावाचून चालू राहिली. यात कौतुक किती आणि लाज किती, हे वाचकांनी आपापलं ठरवावं.

मुलाने मुलाला शिकवण्याची रीत आपल्याकडे जुनीच. पंतोजींच्या शाळेत मोठा मुलगा धाकट्यांकडून धूळपाटीवर अक्षरं गिरवून घेई, पाढे म्हणवून घेई. दक्षिणेत मद्रासला १७८९ च्या सुमारास अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने वाळूत बोटाने अक्षरं काढणारी मुलं पाहिली आणि आपल्या अनाथाश्रमाच्या शाळेत तीच युक्ती वापरली. १७९७ मध्ये त्यावर पुस्तक काढलं आणि ‘मद्रास पद्धत’ म्हणून ती इंग्लंडात नेली. तिथे जोसेफ लँकेस्टर वगैरे मंडळींनी तिचं काय केलं हे मुद्दाम सांगण्यासारखं आहे. एका मास्तरात शेकडो पोरं ‘उरकता’ येतात, म्हणून ती स्वस्तातली शाळा झाली. रांगा, शिट्ट्या, घोकंपट्टी तेवढी उरली. एकच पद्धत शिकवण्यासाठीही वापरता येते आणि शिक्षकाचा पगार वाचवण्यासाठीही. जालिंदरनगरचं कौतुक मंत्रालयात पोहोचल्यावर तिथे यातलं नेमकं काय ऐकू गेलं असेल, याची मला धास्ती आहे.

धास्तीला कारण आहे. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत हलवायचं ठरलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘समूह शाळां’चं परिपत्रक निघालं. छोट्या शाळा एकत्र करून मोठी शाळा करायची, मुलांना बसने आणायचं, आणि नमुन्याला नंदुरबारचं तोरणमाळ आणि पुण्याचं पानशेत. तेव्हा सांगितलेला आकडा असा की, वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक. राज्यात सगळ्या मिळून लाखावर शाळा आहेत, म्हणजे साधारण सातांतली एक. सरासरी काढली तर शाळेमागे साडेबारा मुलं आणि दोन शिक्षक. हिशेबनिसाच्या नजरेला हे शिक्षक फुकट बसलेले दिसतात. मग ५ सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे ऐन शिक्षकदिनी, अशा शाळांमधल्या दोनपैकी एका जागेवर पंधरा हजार मानधनाचा कंत्राटी शिक्षक नेमायचा शासन निर्णय निघाला. दिवस निवडणाऱ्याला दाद द्यायला हवी. पुढे तो बदलला आणि नंतर मागे घेतला गेला. पण त्याआधी मार्चमध्ये आलेले, पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेचे नवे निकष होतेच आणि त्यांचा रोखही लहान शाळांवरच होता.

खरं तर शिक्षण हक्क कायद्याने हिशेब उलट्या बाजूने मांडला होता. पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत, आणि साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक. मूल मोजायचं ते अंतराने, सरासरीने नव्हे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, सातारा, पुणे हे जिल्हे कमी पटाच्या यादीत वर का असतात, हे तिथला डोंगर चढून बघितल्याशिवाय कळत नाही. वाडीपासून वाडी हाकेच्या अंतरावर दिसते, मध्ये ओढा असतो आणि पावसाळ्यात त्याच ओढ्याने चार महिने वाट बंद होते. धनगरवाडा तर त्याहून वर. याच वस्त्यांसाठी अडीच दशकांपूर्वी वस्तीशाळा काढल्या, स्थानिक तरुण-तरुणींना निमशिक्षक म्हणून तुटपुंज्या मानधनावर नेमलं, आणि पुढे त्या शाळा नियमित झाल्या. त्या काढताना पट कमी असणार हे ठाऊक होतंच. त्याही आधी, स्वातंत्र्यापूर्वी, कर्मवीर भाऊराव पाटलांनी खेड्यापाड्यांत पाचशेवर व्हॉलंटरी शाळा उभ्या केल्या त्या गावकऱ्यांच्या मदतीवर, आणि पट बघून केल्या नाहीत.

पट घटायची कारणं सांगायला नकोत. घराघरांत दोनच मुलं, कमावती माणसं मुंबई-पुण्याला, आणि खाली रस्त्यावर सकाळी पावणेआठला थांबणारी इंग्रजी शाळेची पिवळी बस. वाशीम जिल्ह्यात गणेशपूरला एकच विद्यार्थी आणि एकच शिक्षक अशी शाळा होती, तिच्या बातम्या सगळ्यांनी कौतुकाने वाचल्या. एकट्या मुलासाठी शाळा चालवणं शासनाच्या बाजूने शोभून दिसतं. पण माझ्या मते एकट्या मुलाला शाळा नसतेच, शिकवणी असते. तिथे विषयमित्र कोण होणार? म्हणून ‘एकही शाळा बंद होऊ देणार नाही’ ही घोषणा मला पूर्ण पटत नाही. तीन मुलांची शाळा आणि बारा मुलांची शाळा यांत फरक आहे. बारांत भांडण होतं, गट पडतात, कुणी मागे राहतं, कुणी त्याला ओढून आणतं. शाळा व्हायला तेवढं लागतंच.

बारा मुलांची शाळा नीट चालवता येते, हे मान्य करायला आपल्या खात्याला परदेशी दाखला लागत असेल तर तोही आहे. कोलंबियात १९७५ च्या सुमारास व्हिकी कोल्बर्ट या समाजशास्त्र शिकलेल्या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगरातल्या एकशिक्षकी, बहुवर्गी शाळांसाठी ‘एस्कुएला नुएवा’ नावाचं काम सुरू केलं. त्यांनी एकच अट मोडली: सगळ्या मुलांनी एका दिवशी एकच पान शिकलं पाहिजे. त्याऐवजी स्वयंअध्ययनाच्या पुस्तिका केल्या. मूल आपल्या गतीने पुढे जातं, बरोबरीच्यांशी बोलून, करून बघून, आणि अडलं की शिक्षकाकडे. कॉफीच्या तोडणीला घरचे गेले आणि मूल चार आठवडे बुडलं, तर परत आल्यावर ते जिथे थांबलं होतं तिथून सुरू होतं, नापास होत नाही. भिंतीवर गावाचा नकाशा, शेतीच्या कामांचं कॅलेंडर, मुलांची निवडून आलेली समिती. पुढे ते त्या देशाचं धोरण झालं, वीस हजारांवर शाळांत गेलं. स्वतः कोल्बर्टबाई शिक्षण खात्यात उपमंत्री झाल्या. २०१३ मध्ये त्यांना वाइज पुरस्कार आणि २०१७ मध्ये यिदान पुरस्कार मिळाला.

बीड, अहिल्यानगर, जालन्याच्या कोणत्याही शिक्षकाला हे वाचून काय आठवेल ते सांगायला नको. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या उचलतात, मुलं कारखान्याच्या फडावर जातात आणि उन्हाळ्यात परत येतात तेव्हा वर्ग पुढे निघून गेलेला असतो. आपण त्यावर साखरशाळा काढल्या, हंगामी वसतिगृहं काढली. पुस्तक जिथे सोडलं तिथून धरता येईल अशी सोय मात्र केली नाही. ती करणं अवघडही नाही. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीने बहुवर्गी शाळांसाठी कार्डं आणि शिडी असा संच तयार केला. तो पाहून आलेल्या शिक्षकांनी १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात ‘नली-कली’ सुरू केलं आणि पुढे कर्नाटकाने ते राज्यभर नेलं. राज्यभर गेल्यावर त्यातला जीव थोडा गेला अशी टीकाही तिथे झाली. पण निदान एका सरकारने असं मान्य केलं की, बहुवर्ग ही दोन दिवसांची अडचण नसून हीच शाळा आहे, आणि तिच्यासाठी वेगळं साहित्य लागतं.

आपल्याकडे नमुना सापडला की त्याचा रंग तेवढा उचलतात. साताऱ्यात विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी कुमठे बीटमध्ये ज्ञानरचनावादाचं काम उभं केलं तेव्हा राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरून आल्या. तिथल्या वर्गात जमिनीवर अंक, अक्षरं, आकृत्या रंगवलेल्या होत्या. मुलं त्यावर बसून खडे, काड्या, चकत्या मांडत आणि स्वतः गणित उलगडत. पाहुणे परत गेले आणि महाराष्ट्रात गावोगाव फरशा रंगल्या. ऑइलपेंटवाल्यांचा हंगाम झाला. किती शाळांत त्या रंगीत फरशीवर सतरंजी अंथरून मुलांना ओळीत बसवलेलं मी पाहिलंय. भराडेबाईंचं खरं काम होतं प्रत्येक शिक्षकासोबत प्रत्येक मुलाच्या अडणीवर बोलत बसण्याचं, आणि ते काही फोटोत येत नाही.

विषयमित्राचंही तसंच होणार असं दिसतं. लवकरच बिल्ले येतील, भिंतीवर तक्ते लागतील, कुठल्या तरी ॲपमध्ये ‘विषयमित्र नियुक्त: होय/नाही’ असा रकाना येईल. आणि चौथीतली मुलगी तीन मुलांना वजाबाकी शिकवत राहील. त्याच भोरकडच्या शाळेत असं झालंही होतं. तिला हातच्याची वजाबाकी येत होती, पण वरच्या आकड्यात शून्य आलं की ती चुकायची. तीच चूक तिने इमानेइतबारे तिघांच्या गळी उतरवली. गुरुजींच्या ते दोन दिवसांनी लक्षात आलं, कारण चौघांच्या वह्यांत एकसारखंच चुकीचं उत्तर होतं. मग त्यांनी चौघांना एकत्र बसवलं, दहाच्या नोटा आणि एकची नाणी मांडली आणि आधी तिला उलगडा होऊ दिला. तिने तो पुन्हा तिघांना करून दिला. ही वीस मिनिटं सापडली म्हणून बरं. विषयमित्र चालतो तो या वीस मिनिटांवर. रोज सकाळी मित्रांना काय द्यायचं ते ठरवायचं, संध्याकाळी काय झालं ते बघायचं. हे करायला शिक्षक वर्गात लागतो, ओट्याच्या रेंजच्या कोपऱ्यात नव्हे.

आणि त्या मुलीचं काय? दुसऱ्याला शिकवलं की आपलं पक्कं होतं हे खरंच. पण वर्षभर धाकट्यांचं वाचन घेणाऱ्या पोरीचे अपूर्णांक कुणी घेतले, हा प्रश्न पालकांनी विचारायला हवा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदा सांगतो. बहुतेक ठिकाणी त्या समितीची बैठक म्हणजे रंगकाम, पाण्याची टाकी, २६ जानेवारीचा खाऊ आणि सह्या. लोकसहभाग म्हटलं की आपल्याला वर्गणीच आठवते. खिचडीबरोबरच्या अंड्याचा सरकारी निधी जानेवारी २०२५ मध्ये थांबला तेव्हाही ‘लोकसहभागातून द्या’ असंच सांगण्यात आलं. वारे गुरुजी आधी जिथे होते त्या वाबळेवाडीच्या गावकऱ्यांनी शाळेला जमीन दिली, कंपन्यांचे पैसे आले, काचेच्या वर्गखोल्या उभ्या राहिल्या. पुण्याजवळच्या, एमआयडीसीच्या पट्ट्यातल्या गावाला ते झेपतं. धनगरवाड्याने काय द्यायचं?

नावाजलेल्या शाळांबद्दल आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. पट तीनवरून शंभरावर जातो तेव्हा ती सगळी मुलं त्याच वस्तीवर जन्मलेली नसतात. काही इंग्रजी शाळेतून परत आलेली असतात, आणि तो त्या गुरुजींचा खरा विजय. काही मात्र शेजारच्या वाडीच्या शाळेतून आलेली असू शकतात, आणि मग तिथला पट तेवढ्याने उतरतो. जालिंदरनगरात नेमकं काय झालं याचा हिशेब मी मांडत नाही. पण नवलाची शाळा एका गावात आणि संचमान्यता सगळ्या गावांत, असं असेल तर एकाचं कौतुक दुसऱ्याच्या मुळावर येऊ शकतं. शिवाय गुरुजींची बदली होतेच. वारे गुरुजींच्या आधीच्या नि नंतरच्या गावांत जे झालं ते त्यांच्याबरोबर आलं, आणि पुढच्या बदलीत किती मागे राहील ते कुणी सांगू शकत नाही. विषयमित्राला तरी बदली नसते. तो फार तर पाचवीला खालच्या गावात जातो.

भोरकडच्या त्या शाळेचा पट या वर्षी कागदावर दहा आहे. ३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते आणि त्यात आधार जुळलेली मुलंच मोजली जातात. दुसरीतल्या एका मुलीच्या आधारवर जन्मतारीख एक आणि शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात दुसरी. ती रोज येते, खिचडी खाते, बातमीच्या वेळी सगळ्यांत मोठ्याने ओरडते, पण ती मोजली गेली नाही. दुरुस्तीसाठी तिच्या आईला आणि गुरुजींना तालुक्याला जावं लागतं, केंद्रावर नंबर लावावा लागतो, आणि त्यात अख्खा दिवस जातो. पुढची खेप सोमवारी आहे. त्या दिवशी शाळेला सुट्टी द्यायची की बाकीची दहा मुलं चौथीतल्या मुलीवर सोडून जायचं, एवढंच गुरुजींना ठरवायचंय.